कच्ची वही

“बाई, आत येऊ का? पाय ओले आहेत.”

शुक्रवारची संध्याकाळ होती. मी देवापाशी जपाची वही लिहीत बसले होते. एकशे आठ ओळींतल्या शेवटच्या काही उरल्या होत्या, म्हणून मानेनेच ‘ये’ म्हटलं. निशिगंधा पायपुसण्यावर पाय घासून आत आली आणि माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. तिच्या अंगाला नेहमीसारखा झेंडूचा वास होता. शेवटची ओळ संपेपर्यंत ती माझ्या पेनाकडे टक लावून बघत राहिली.

“एकसुद्धा खोड नाही,” ती हळूच म्हणाली.

“जपात खोडायचं नसतं गं. चुकलं की ते पान बाजूला ठेवायचं आणि नवं घ्यायचं.”

“मग माझी वही बघून तुम्ही घाबराल,” ती म्हणाली, आणि हसत हसत तिने पिशवीतून वही काढून माझ्यापुढे सरकवली.

मी खरंच घाबरले. सोमवारी साताऱ्याला स्पर्धा होती.

मी वाईतल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. ‘करून दाखवा’ ही स्पर्धा त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात पहिल्यांदाच आली होती. घरातल्या एका माणसाचं एक काम हलकं होईल असं साधन मुलांनी स्वतःच्या डोक्याने करायचं. वीज नाही, विकतचं सामान नाही, जे काय जमेल ते घरातल्या मोडक्या-तोडक्यातून. पहिल्या तिघांना साताऱ्याच्या तंत्रशाळेत नववीला थेट प्रवेश मिळणार होता, वसतिगृहासकट. त्याआधी आम्हां शिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथल्या तरुण सरांनी आम्हांला जुन्या वर्तमानपत्रांचा मनोरा करायला लावला. माझा तीनदा कोसळला आणि दर वेळी ते सर टाळ्या वाजवून “वा, बाई!” म्हणाले. मला वाटलं, चेष्टा करतायत. शेवटी त्यांनी पत्रक वाटलं. त्यात खाली लिहिलं होतं : साधनासोबत नोंदवही जोडावी.

निशिगंधा गुरव आठवीत होती. तिची आई विमलताई घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर फुलांचं दुकान लावायची. दुकान म्हणजे एक पाट, दोन टोपल्या आणि वर ताडपत्री. बारा वर्षं माझ्या देवाचा हार तिच्याकडूनच यायचा. मागच्या श्रावणात तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. तेव्हापासून शाळेच्या आधी आणि शाळेनंतर निशिगंधा हार बांधत होती. नवरा नव्हता, जे काय बघायचं ते विमलताईचा भाऊ बघायचा, सदामामा. टेंपो चालवायचा. वाईट माणूस नव्हता. त्याने माझ्यासमोरच भाचीला सांगितलं होतं,

“हे बघ, तुझी आई पुन्हा स्वतःचे हार स्वतः बांधायला लागली आणि तुला साताऱ्याला जागा मिळाली, तर तुझी ट्रंक मी स्वतः टेंपोतून पोचवीन. पण दोन्ही व्हायला पाहिजे. नुसतं एक होऊन काय उपयोग? जागा नसेल तर जूनपासून तू दुकानावर. बाई, मी काही चुकीचं बोलतोय का?”

त्याचं चुकत नव्हतं.

हार बांधायला दोन हात लागतात. एका हाताच्या चिमटीत फुलांचे देठ धरायचे, दुसऱ्याने दोऱ्याचा फास टाकून ओढायचा. निशिगंधाने एका पाटावर कपडे वाळत घालायचा चिमटा बसवला, त्याला सायकलच्या ब्रेकची तार जोडली आणि ती तार खाली एका लाकडी पट्टीला बांधली. पट्टीवर पाय दाबला की चिमटा उघडणार, पाय उचलला की देठ धरून ठेवणार. मग डावा हात फास टाकायला मोकळा. स्पर्धेच्या अर्जावर नाव लिहायचं होतं. मी सुचवलं, ‘एकहस्त पुष्पमाला गुंफण यंत्र’. ती खाली मान घालून हसली.

“आई त्याला बघून नुसती चिमटा काढल्यासारखं करते बाई, अशी. म्हणून आम्ही ‘आईचा चिमटा’ म्हणतो.”

चिमटा चांगला चालत होता. मी स्वतः बघितला होता. प्रश्न होता तो या वहीचा.

शंभर पानी वही. पुठ्ठ्यावर हळदीचे डाग, आत मधूनच एखादी सुकलेली पाकळी. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग विस्कटावी तसं. पहिल्या पानावर चिमट्याचं चित्र, खाली ‘देठ तुटले’. दुसऱ्यावर ‘तार कडक, आईचा पाय पोचत नाही’. तिसऱ्यावर ‘फुलं घसरतात, चिमट्याला स्लीपरचं रबर लावून बघू’. असं चौदा वेळा. आणि प्रत्येक चित्राच्या डोक्यावरून, अंगावरून जाड, वेड्यावाकड्या रेघा ओढलेल्या. काही आडव्या, काही उभ्या. कागद फाटेपर्यंत पेन दाबलेलं. शेवटच्या पानावर तर लहान मुलाच्या हातात पेन द्यावं तसं काहीतरी गिचमिड.

“निशी, ही काय गं खाडाखोड?”

“बाई, ती खाडाखोड…”

“अगं, रागाने असं पान फाडायचं नसतं. मोठे मोठे इंजिनियर हे बघणार. नोंदवही म्हणजे पक्की वही. ही झाली कच्ची.”

ती काहीतरी बोलणार होती. मी तिच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. माझा आवाज मुळातच लहान, मी कधी कुणावर ओरडले नाही. पण माझं बोलणं संपलं की मुली पुढे बोलत नसत. आपल्याला मुली मान देतात, एवढंच मला त्यातलं कळायचं.

त्या रात्री आठ वाजेपर्यंत मी तिला पक्क्या वहीवर लिहायला लावलं. तिने दोन पानं लिहिली, दोन्हींवर शाई सांडली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली,

“बाई, तुम्हीच लिहा ना. तुमचं अक्षर देवाच्या वहीसारखं आहे. मी सांगते.”

“आणि चित्रं?”

“ती पण तुम्हीच. मला चिमट्याची तार बदलायचीय अजून.”

मी शनिवारी अंघोळ करून सोवळ्यानेच लिहायला बसले. हसू नका, मला ते तसंच महत्त्वाचं वाटलं होतं. प्रश्न, कल्पना, आराखडा, बांधणी, चाचणी, सुधारणा अशी सहा शीर्षकं, शिबिरात सांगितलेली. प्रत्येकाखाली आठ ओळी. लाल शाईचा समास. एक सुबक आकृती, नावं दिलेली. देठ तुटले, तार कडक, फुलं घसरली, असलं काही त्यात घेतलं नाही. चुका कशाला दाखवायच्या? सगळं एका दमात जमल्यासारखं छान उतरलं. खाली ‘कु. निशिगंधा गुरव, इयत्ता आठवी’ असं लिहून मी वहीला पिवळ्या कागदाचं कव्हर घातलं.

रविवारी सकाळी मी घाटावर गेले. महिन्याचं निर्माल्य सोडायचा माझा नेम होता. लिहिलेला कागद रद्दीत घालायचा नाही, त्यावर कुणी भजी बांधायची नाहीत, हे मला माझ्या आईने शिकवलं होतं. लिहिलेला कागद म्हणजे सरस्वती. माझ्या भरलेल्या दोन जपाच्या वह्या मी पिशवीत घातल्या. निशिगंधाची कच्ची वही टेबलावरच राहिली होती. तिचं काम झालं होतं. मी ती झटकून, पुठ्ठ्याला हळदकुंकू लावून त्या दोन वह्यांच्या मध्ये ठेवली. माझ्या दृष्टीने तो तिचा मान होता. पाण्यात सोडताना हातही जोडले. तिन्ही वह्या एकत्रच गेल्या. मधली थोडा वेळ तरंगली, मग पानं भिजली तशी तीही खाली गेली.

सोमवारी सकाळी साताऱ्याच्या एसटीत आम्ही दोघीच होतो. माझा उपवास होता. चिमटा तिच्या मांडीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेला. पाचवडच्या पुढे गाडी थोडी रिकामी झाली तेव्हा तिने विचारलं,

“बाई, माझी वही आणलीत ना?”

“ही काय.” मी पिवळं कव्हर दाखवलं.

“ही नाही. माझी.”

“ती सोडली गं काल, कृष्णेत. नीट हळदकुंकू वाहून सोडली. काळजी करू नकोस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं, स्पर्धेची धाकधूक असेल. मी तिच्या हातात अंगाऱ्याची पुडी दिली. तिने ती मुठीत धरली, लावली नाही.

मोठ्या हॉलमध्ये तीस-पस्तीस टेबलं मांडली होती. कुणी कडबा कापायचं काहीतरी आणलं होतं, कुणी आजोबांना खाटेवरून उठायला दोरीची कप्पी. एका मुलाने गोठ्यातल्या माश्या हाकलायला सायकलच्या चाकाचा पंखा केला होता आणि तो फिरवला की त्याच्याच तोंडावर कचरा उडत होता. सगळे हसत होते, तोही हसत होता. परीक्षक दोघं होते. एक पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले उंच, कडक गृहस्थ. दुसऱ्या बागवान मॅडम, तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या, पस्तिशीच्या, हातात खडू असल्यासारखी बोटं नाचवत बोलणाऱ्या.

आमच्या टेबलापाशी आल्यावर मॅडम म्हणाल्या, “एका हाताने? दाखव बरं.”

निशिगंधाने उजवा हात पाठीमागे घेतला. पायाने पट्टी दाबली, शेवंतीची दोन फुलं चिमट्यात सरकवली, पाय उचलला, फास टाकला, ओढला. पुन्हा पाय. पुन्हा दोन फुलं. वीतभर हार झाला तेव्हा आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं गोळा झाली होती. बागवान मॅडमनी ओढणी खांद्यावरून मागे टाकली.

“सर, मी करून बघते.” त्यांनी हात पाठीशी नेला. पहिल्यांदा फुलं टेबलावर सांडली. “थांबा, थांबा. पाय आधी का फुलं आधी?”

“पाय आधी, मॅडम. पाय म्हणजे तुमचा दुसरा हात,” निशिगंधा म्हणाली.

तिसऱ्यांदा त्यांना जमलं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. “हे कुणासाठी केलंस?”

“आईसाठी. तिचा हात गेलाय.”

“कितव्या खेपेला जमलं?”

“चौदाव्या.”

“शाब्बास!” त्यांनी पिवळ्या कव्हराची वही उचलली आणि उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग मागून पुढे बघितलं. त्यांचं हसू हळूहळू कमी होत गेलं.

“खाडाखोड कुठंय?”

निशिगंधा चिमट्याची तार नीट करू लागली.

“चौदा वेळा केलंस ना? मग तेरा वेळा फसलेलं कुठं लिहिलंयस? ही तर…” त्यांनी वही सरांकडे दिली. “ही तर छापील पुस्तकासारखी आहे.”

सरांनी चष्मा वर केला. “अक्षर कुणाचं?”

मी टेबलापासून चार पावलांवर, भिंतीपाशी, बाकीच्या शिक्षकांत उभी होते. निशिगंधाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माझंच,” ती म्हणाली.

“तुझं?”

“हो सर. पक्कं लिहिताना मी सावकाश लिहिते.”

सर हुंकारले. त्यांनी वहीचं पान आणि टेबलावरच्या अर्जावरची तिची सही शेजारी शेजारी धरली. मग मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

“हिच्या शिक्षिका कोण?”

“मी. शाळिग्राम.”

“बाई, हे अक्षर हिचं आहे?”

बावीस वर्षांची होते तेव्हा मी नेम घेतला होता, तोंडून खोटं जाऊ द्यायचं नाही. लग्नात, नोकरीत, नवऱ्याच्या आजारपणात, कुठेही मोडला नव्हता. घरी कुणी नको असलेलं माणूस आलं तरी ‘घरात नाहीत’ असं मी कधी म्हटलं नाही. शाळेत मुली म्हणायच्या, शाळिग्राम बाई बोलल्या म्हणजे तसंच असणार. मला विचार करावा लागला नाही. तोंड आपोआप उघडलं.

“नाही. माझं आहे.”

निशिगंधाने आत्ता कुठे माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा रागाचा असता तर मला सोपं गेलं असतं.

“म्हणजे मुलगी खोटं बोलली,” सर म्हणाले.

“चूक माझी आहे,” मी पुढे झाले. “चिमटा सगळा तिचाच आहे. मी बोटसुद्धा लावलं नाही. फक्त वही मी…”

“तिची मूळ वही असेल ना?” बागवान मॅडम घाईघाईने म्हणाल्या. “कच्ची? एखादं पान तरी? कागदाचा कपटा चालेल बाई. मी थांबते. संध्याकाळपर्यंत आणा कुणाकडून तरी.”

“नाही.”

“हरवली?”

“विसर्जन केली.”

“काय केली?”

“कृष्णेत. काल सकाळी.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्या कपाळाकडे, गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघत राहिल्या, जणू माझं बोलणं त्यांना कुठल्या तरी दुसऱ्या भाषेतून समजून घ्यावं लागत होतं. सरांनी हातातल्या गुणतक्त्यावर एक शब्द लिहिला आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. तो शब्द मला उलटा दिसला, तरी वाचता आला. अपात्र.

जेवणाच्या सुट्टीत बागवान मॅडम मला नळापाशी भेटल्या. मी तोंडावर पाणी मारत होते.

“सर नियमाचे पक्के आहेत,” त्या म्हणाल्या. “माहिती खोटी दिली की बाद. मी भांडले. उपयोग झाला नाही.” मग आवाज खाली आणून, “एक बोलू का बाई? तुम्ही क्षणभर थांबला असता ना, तर मी ती तार पकडीने सोडवणार होते आणि तिला म्हणणार होते, बसव पुन्हा. पाच मिनिटांत कळलं असतं कुणाचं काम आहे ते. मग अक्षर कुणाचं याच्याशी कुणाला काय करायचं होतं?”

“मला विचारलं म्हणून…”

“हो. विचारलं खरं.” त्यांनी नळ बंद केला. “मुलगी हुशार आहे. तुमच्यासाठी बोलली ती.”

परतीच्या गाडीत निशिगंधा खिडकीशी बसली नाही. मलाच बसायला सांगितलं, “तुमचा उपवास आहे, वारा लागेल बरा,” म्हणून. चिमटा पुन्हा चादरीत. उरलेली शेवंती तिने हॉलच्या पायऱ्यांवर ठेवून दिली होती. मी म्हणाले,

“बाळ, खोटं कशाला बोललीस गं?”

“तुमच्यावर येईल म्हणून.”

“माझ्यावर आलं असतं तर आलं असतं.”

“तुम्ही खोटं बोलत नाही, मला माहिती आहे. म्हणून मीच बोलले.” ती चादरीची गाठ सोडत, बांधत राहिली. “मला वाटलं, तुम्ही नुसत्या गप्प बसाल.”

कंडक्टर तिकिटं विचारत पुढे गेला. गाडीने घाईघाईने एका बैलगाडीला मागे टाकलं. मी तिच्या हातावर हात ठेवायला गेले आणि तसाच मागे घेतला.

“मी मुख्याध्यापकांकडून पत्र घेते,” मी म्हणाले. “तंत्रशाळेला लिहिते. पुन्हा एक वही करू आपण. तुला सगळं आठवत असेल, देठ तुटले, तार कडक… चौदाच्या चौदा. पुन्हा चित्रं काढ. मी मध्ये पडणार नाही.”

“चित्रं मी काढीन, बाई. रेघा कुठून आणू?”

“कसल्या रेघा?”

तिने चादरीची गाठ घट्ट केली. मग अगदी साध्या आवाजात, गणिताची रीत सांगावी तसं सांगितलं.

“ती खाडाखोड नव्हती. आई करायची ते. तिला बोलता येत नाही ना. प्रत्येक वेळी चिमटा करून बघितला की मी तिच्या डाव्या हातात पेन द्यायची. जमलं नाही तर आडवी रेघ, थोडं जमलं तर उभी. आधी तिला पेन धरताच यायचं नाही. पाचव्या पानापर्यंत कागद फाटायचा. मग जरा सरळ यायला लागल्या.”

मी वहीचं एकेक पान डोळ्यांपुढे आणायला लागले. आडव्या, जाड. मग उभ्या. पुढे पुढे बारीक झालेल्या. मी त्या सगळ्या बघितल्या होत्या.

“आणि शेवटच्या पानावर?” मी विचारलं. “ते गिचमिड होतं ते?”

“ते गिचमिड नव्हतं. चौदाव्या वेळी हार झाला ना, तेव्हा तिने पेन सोडलंच नाही. रेघ नाही ओढली. बराच वेळ बसली. ‘नि’ काढलं तिने.” निशिगंधाने बोटाने चादरीवर ती वेलांटी काढून दाखवली. “पुढचं नाही जमलं. पण ‘नि’ आलं होतं. श्रावणापासून तिने मला हाक मारली नव्हती, बाई.”

वाईच्या स्टँडवर आम्ही उतरलो. तिने चिमटा डोक्यावर घेतला, मला म्हणाली, “जाते,” आणि घाटाच्या बाजूला वळली.

चार दिवस मी तिकडे गेले नाही. अंगणातली जास्वंद देवाला वाहिली. निशिगंधा शाळेत आली नाही. मुख्याध्यापकांनी साताऱ्याहून आलेलं अपात्रतेचं पत्र मला दाखवलं, आणि वर ‘अशा गोष्टी पुन्हा होऊ नयेत’ एवढंच म्हणाले. मी तंत्रशाळेला दोन पत्रं लिहिली होती, एक त्याच संध्याकाळी, एक दुसऱ्या दिवशी. उत्तर यायचं होतं. पुढे आलं, दोन ओळींचं. प्रवेश फक्त स्पर्धेतूनच देता येतो.

शनिवारी मात्र मला राहवेना. गेले.

लांबूनच दिसलं, पाटाच्या एका टोकाला विमलताई बसली होती. चिमट्यापुढे. पायाने पट्टी दाबत, डाव्या हाताने फास टाकत, सावकाश. एक एक गाठ पडायला बराच वेळ लागत होता, पण पडत होती. शेजारी नारळवाला तिच्याकडे बघून म्हणत होता, “काय वहिनी, मशीन घेतली तर आता भाव वाढवणार का?” आणि ती अर्ध्या तोंडाने हसत होती. दुसऱ्या टोकाला निशिगंधा होती. सदामामा टेंपोतून टोपल्या उतरवत होता. मला बघून त्याने टोपली खाली ठेवली.

“या बाई. पोरगीने सांगितलं सगळं. जागेचं राहिलं, काय करता. पण विमलचा हात चालायला लागला, तेवढं तरी झालं. आता ही जूनपासून पूर्ण वेळ बसेल. दोघी मिळून लग्नसराईच्या ऑर्डरी घेतील.” तो बोलता बोलता टेंपोकडे गेला.

मी निशिगंधापाशी वाकले. तिने हार बांधायचं थांबवलं नाही, पण आवाज खाली आणला.

“बाई, मामाला खरं सांगितलंय. आईला नाही.”

“मग आईला काय सांगितलंस?”

“माझा पहिला नंबर आला. पण वसतिगृह लांब आहे, मलाच जायचं नाही, असं सांगितलं.” तिने दोरा दाताने तोडला. “नाहीतर तिला वाटलं असतं, चिमटा वाईट आहे. तिने मग तो वापरलाच नसता. मला तेवढं सांभाळायचंय. तुम्ही काही सांगू नका तिला. एवढं एक करा.”

“मी काही बोलणार नाही,” मी म्हणाले.

पण विमलताईने मला पाहिलं होतं. तिने पट्टीवरचा पाय काढला, अपुरा हार तसाच सोडला आणि डाव्या हाताने मला खूण करून जवळ बोलावलं. मी गेले. तिने माझा पदर धरून मला खाली बसवलं. तिचा एका बाजूचा चेहरा फुललेला, दुसऱ्या बाजूचा तसाच थिजलेला. तोंडातून “अं… अं…” असा आवाज. तिने निशिगंधाकडे हात केला. मग चिमट्याकडे. मग एक बोट वर करून माझ्या डोळ्यांपुढे धरलं आणि भुवई उंचावली.

लेकीचं ऐकलं होतं तिने. पण मी बारा वर्षं तिच्याकडे येत होते. तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी गप्प बसू शकत होते. मान नुसती खाली घातली असती, तरी चाललं असतं, असं मी क्षणभर मनाला सांगितलं. ते बोट हलत नव्हतं. पलीकडे निशिगंधाच्या हातातली फुलं थांबली होती.

“हो,” मी म्हणाले. “पहिला नंबर आला. साऱ्या जिल्ह्यात पहिला. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, विमलताई. मी तिथेच उभी होते.”

तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. मग दुसऱ्यातूनही. तिने माझा हात हातात घेऊन कपाळाला लावला, आणि मी तो काढून घेऊ शकले नाही. मग तिने तेच एक बोट वर करून नारळवाल्याला दाखवलं. घाटावरून वर येणाऱ्या दोन बायकांना दाखवलं. सदामामा टेंपोपाशी पाठ करून उभा होता, तो वळेपर्यंत “अं, अं” करून त्यालाही दाखवलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे, आणि म्हणाला, “हो हो, पहिला, पहिला.”

निशिगंधा मान खाली घालून दोन्ही हातांनी भराभर हार बांधत होती.